न उपसलेली तलवार आणि तीन मजली केक

२९ डिसेंबर

प्रिय साडूबुवा,

सप्रेम नमस्कार. वर्ष संपत आलं, म्हणजे आपल्या निवाड्याची वेळ झाली. दोन बहिणींनी आपल्याला साडू केलं, पण पात्यांनी आपल्याला भाऊ केलं, असं मी नेहमी म्हणतो. तुमची मेहुणी यावर जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर यंदा घेतलेल्या हत्यारांपैकी माझ्या आवडत्या तिघी. तिसरा नंबर शिंगाच्या मुठीच्या शिकारी सुऱ्याचा. पात्यावर कुणीतरी हरीण कोरलं आहे. ते गाढवासारखं दिसतं, पण पळतंय हे नक्की. दुसरा नंबर एका घडीच्या चाकूचा. त्यात कात्री आहे, बूच काढायचा स्क्रू आहे आणि घोड्याच्या खुरातले खडे काढायचा आकडा आहे. तो आकडा मी परवा एका पेशंटला नुसता दाखवला, तर त्याची दाढ दुखायची थांबली. निदान तसं सांगून तो गेला.

आणि पहिला नंबर! काळ्या म्यानातली, पितळी मुठीची, माझ्या छातीला लागेल एवढी लांब तलवार. काय सांगू तुम्हाला. म्यानातून उपसली की खोलीत उजेड पडतो. धार अशी की हवेतलं पीस पडता पडता दोन व्हावं. तिला मी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या बरोबर वर टांगली आहे. पूर्वी तिथे पेशंट कुरकुर करायचे. आता सगळे चिडीचूप बसतात, आणि काही तर इतके समाधानी होतात की दात न दाखवताच घरी जातात.

आता तुमच्या तिघी कळवा. यंदा मात्र तुम्ही हरलात असं समजूनच पत्राला बसा.

लोभ आहेच, धार वाढावी.

तुमचा,
थोरला साडू


५ जानेवारी

आदरणीय डॉक्टरसाहेब,

नमस्कार. तुमचं पत्र भट्टीसमोर उभं राहून वाचलं आणि पावाचा एक घाणा करपला. तलवारीचं वर्णन वाचून पोटात दुखलं, हे खोटं कशाला बोलू?

माझ्या तिघी गरीब आहेत. तिसरी, पाकिटं फोडायची बोटभर तलवार. घरातल्या सगळ्या हत्यारांत हिचाच काही उपयोग आहे, असं तुमची धाकटी मेहुणी म्हणते. दुसरी, पाव कापायची सुरी. लांबी माझ्या हाताएवढी आणि दात सुसरीसारखे. तिचे दात तुम्हाला आवडतील. पहिली, चामडं कापायची जुनी रापी. अर्ध्या चंद्रासारखी आहे, आणि हातात धरली की आपण काहीतरी शिकलेले आहोत असं वाटतं.

पण खरी बातमी वेगळीच आहे. आपल्या चिमीचं लग्न ठरलं, मार्चमध्ये. सकाळी नोंदणी कचेरीत सह्या, संध्याकाळी हॉलवर जेवण. केक अर्थातच माझा, तीन मजली. मुलगा गुणी आहे. विहीणबाई प्रेमळ आहेत, जरा भित्र्या. व्याह्यांचं मात्र काही कळत नाही. पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनियर. तीनदा भेट झाली, माणूस एकदाही हसला नाही. जे बोलतील ते मोजून आणि खरं. चहा कसा झालाय विचारलं तर म्हणाले, पातळ. मला काय छंद आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सरळ सांगितलं, की तलवारी आणि सुऱ्या. विहीणबाईंनी खुर्ची मागे सरकवली. व्याही नुसतं "अस्सं" म्हणाले. त्या दिवसापासून चिमीला धास्ती आहे, की सासरचे आपल्या घराला वेड्यांचं समजतात.

म्हणून तिनेच एक तोड काढली आहे. तुमचं पत्र तिने वाचलं. ती म्हणते, केक डॉक्टरकाकांच्या तलवारीने कापायचा. काका एवढे शिकलेले, दातांचे डॉक्टर, त्यांनी सगळ्यांसमोर डौलात तलवार उपसून माझ्या हातात दिली की सासरच्यांना कळेल हा छंद खानदानी आहे. पोरीने आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. नाही म्हणू नका.

आपला,
धाकटा साडू


१७ जानेवारी

प्रिय साडूबुवा,

चिमीचं मनापासून अभिनंदन. जावई चांगले आहेत हे ऐकून बरं वाटलं. त्यांना अक्कलदाढा आल्या आहेत का ते कळवा.

तलवारीबद्दल मात्र थोडा विचार करावा लागेल. मला हौस नाही असं नाही. पण जुन्या पोलादाला प्रवास सोसत नाही. शिवाय मार्चमधली हवा दमट असते. नसेल तर कोरडी असते, आणि तीही वाईट. त्यातून केक म्हणजे साखर. साखरेशी माझं धंद्याचं वैर आहे हे तुम्ही जाणता. जिथे ती चिकटते तिथे कीड लावते. एवढ्या तोलामोलाच्या पात्याला क्रीम फासायचं, हे माझ्या तत्त्वात बसेल असं वाटत नाही.

तुमची ती सुसरदाती सुरी काय वाईट आहे?

घाईत,
थोरला साडू


२३ जानेवारी

डॉक्टरसाहेब,

पत्र पोचलं. माझा केक तुमच्या तलवारीच्या तोलामोलाचा नाही, हे कळलं. कीड लावतो हेही कळलं.

एवढंच सांगतो, की तुमचा दवाखाना चालतो तो माझ्यासारख्यांच्या साखरेवर. आम्ही बेकरीवाले उद्या संपावर गेलो तर तुम्ही काय उपटणार आहात?

साडूपण म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य असं लोक म्हणायचे, मी मानत नव्हतो. चिमीला अजून काही सांगितलेलं नाही. ती मैत्रिणींना सांगत सुटली आहे. तिला काय सांगायचं ते तुम्हीच कळवा. तोवर माझ्याकडून पत्र नाही.

धाकटा


२० फेब्रुवारी

प्रिय भावजी,

तुम्ही दोघे महिनाभर बोलत नाही आहात, म्हणून मला लिहावं लागतंय. हे पत्र वाचा आणि भट्टीत टाका.

ती तलवार निघत नाही. घेतली तेव्हापासून निघत नाही. विकणारा म्हणाला होता, हवेचा परिणाम आहे, आठवड्यात सैल होईल. म्यानातून उपसली की उजेड पडतो वगैरे जे तुमच्या पत्रात लिहिलं, ते मी जेवताना ऐकलं होतं. मला वाटलं, कविता करताहेत. बोलले नाही.

चिमीचं मागणं आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आधी खायचं तेल झालं, मग मेणबत्ती, मग माझा केस वाळवायचा पंखा. एक दिवस फ्रिजचे सगळे कप्पे बाहेर काढून तिला आत तिरपी निजवली होती. आम्ही दोन दिवस आंबलेलं दूध प्यालो.

गेल्या आठवड्यात कळस झाला. दवाखान्यातल्या पेशंटच्या खुर्चीला त्यांनी म्यान बँडेजने बांधलं, एक पाय खुर्चीच्या हातावर रोवला आणि मूठ धरून ओढायला लागले. नर्सबाई मागून त्यांची कंबर धरून ओढत होत्या. "हलतेय, मुळापासून हलतेय!" असं दोघे ओरडत असताना शाळेच्या मुख्याध्यापिका दार ढकलून आत आल्या. त्यांची दाढ ठणकत होती. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि पाय न वाजवता परत गेल्या. अजून तीच दाढ घेऊन हिंडताहेत, पण दुसऱ्या डॉक्टरकडे जायच्या आधी सगळ्यांना सांगून झालं आहे.

त्यांना रात्रीचा डोळा लागत नाही. पोरीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं आणि ते देता येत नाही, हे त्यांना लागलं आहे. तोंडाने कबूल करणार नाहीत. तुमच्या केकबद्दल त्यांच्या मनात काही नाही. मागच्या वेळी तुम्ही पाठवलेला केक त्यांनी कपाटामागे लपून खाल्ला होता.

तुम्हीच काय ते सांभाळून घ्या. मी सांगितलं असं म्हणू नका.

ताई


२४ फेब्रुवारी

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार. मागच्या पत्रात मी तोल सोडला. माणूस दिवसभर भट्टीपाशी असला की डोकंही तापतं. राग मानू नका.

मी शांतपणे विचार केला आणि मला तुमचं पटलं. केकसाठी एवढी तलवार उपसायची म्हणजे जरा अतीच होतं. त्यापेक्षा तुम्ही ती म्यानातच घेऊन या. टेबलावर, केकच्या शेजारी, मखमलीवर ठेवू. लोक लांबून बघतील आणि मनातल्या मनात घाबरतील. कापायला माझी पावाची सुरी आहेच. म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. चिमीला मी समजावलं आहे, ती हसून हो म्हणाली.

तुम्ही मात्र नक्की या. तुमच्याशिवाय हॉल रिकामा वाटेल.

आपलाच,
धाकटा साडू


१ मार्च

साडूबुवा,

झाकली मूठ? मूठ?

तुमचा रोख माझ्या लक्षात आला. तलवारीच्या बाबतीत "मूठ" हा शब्द कुणी सहज वापरत नाही. माझ्या तलवारीत काही कमी आहे असं तुम्हाला सुचवायचं असेल, तर ते सगळ्यांसमोर तपासू. मी येतो. तलवार येते. केक तिनेच कापला जाईल, आणि मी ती माझ्या हाताने उपसून चिमीच्या हातात देईन. तुमची सुरी घरी पावासाठी ठेवा.

केक जरा जास्तच करा. मी साखर खात नाही, पण प्रसंगी खातो.

थोरला साडू


१९ मार्च

आदरणीय डॉक्टरसाहेब,

ताई म्हणाल्या, कंबरेला पट्टा आहे, पण चमच्याने स्वतः खाता. ऐकून जीव भांड्यात पडला. हॉलवरून तुम्हाला गाडीत आडवं घालून नेलं तेव्हा तुम्ही डोळे मिटूनच विचारत होतात, धार कशी आहे? ताई "छान" म्हणाल्या. त्या गाडी चालवत होत्या, जास्त बोलणं शक्य नव्हतं. म्हणून बाकीचं मी लिहितो. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून गेलेलं बरं.

तुम्ही केकसमोर उभे राहिलात, छोटंसं भाषण केलंत आणि मूठ धरून ओढलीत, इथपर्यंत तुम्हाला आठवत असेल. मग पुन्हा ओढलीत. तुमचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. चिमी माझ्याकडे बघायला लागली आणि मी छताकडे. मी सुरी आणायला वळणार, तेवढ्यात व्याही उठले. कोटाचं बटण लावलं, तुमच्यासमोर आले, दोन्ही हातांनी म्यान धरलं आणि म्हणाले, "ओढा."

तुम्ही ओढलंत. बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला. तुम्ही मागच्या मागे गेलात ते थेट घडीच्या खुर्च्यांच्या ढिगात. ढीग तुमच्यावर आला. व्याही म्यानासकट उलट्या दिशेला गेले, पण त्यांना विहीणबाईंनी झेललं. केकला धक्का लागला नाही, हे माझं नशीब.

तुम्ही डोळे मिटून पडला होतात, तलवार मुठीत घट्ट. ताईंनी एकेक बोट सोडवून ती काढली आणि माझ्या हातात दिली. डॉक्टरसाहेब, मन घट्ट करा. पातं वीतभर आहे. पुढे काही नाही. कधीतरी तुटलं असणार. व्याह्यांनी म्यान उलटं करून झटकलं, तर गंजाचा भुगा आणि एक लाकडी पट्टी पडली. वाजू नये म्हणून कुणीतरी घातलेली.

तुम्हाला गाडीकडे नेलं आणि हॉलमधले सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. मुलाकडच्या एका पोरीने फिसकन हसून तोंड दाबलं. चिमीच्या डोळ्यांत पाणी जमलं. मला काय झालं कोण जाणे, मी ते वीतभर पातं उंच धरलं आणि म्हणालो, "ही समारंभाची तलवार आहे. हिचं पातं एवढंच असतं."

सगळे व्याह्यांकडे वळले, कारण खोटं न बोलणारा तेवढा एकच माणूस तिथे होता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. पातं माझ्या हातातून घेतलं. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. लांब पातं लढाईसाठी. समारंभाला वीतभरच असतं. मी वाचलं आहे."

मग टाळ्या झाल्या. चिमीने केक कापला. पातं लोण्यातून जावं तसं गेलं, धारेबद्दल तुम्ही खोटं बोलला नव्हतात.

नंतर मी मागे मोरीत पातं धूत होतो, तर व्याही हात धुवायला आले. बराच वेळ साबण चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुटलेली आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

"मला वाटलंच," म्हणाले, आणि हसायला लागले. मोरीचा कट्टा धरून, अंग गदगदा हलवत, आवाज न करता. विहीणबाई धावत आल्या. त्यांना वाटलं रडताहेत. त्या मला रागावल्या, की लग्नात मुलीकडचे रडतात, तुम्ही आमच्या माणसाला का रडवलंत?

चिमी सासरी खूश आहे. तलवार आजवर माझ्याकडे होती, पीठ चाळायच्या खोलीत, कोरड्या जागी. आता सोबत पाठवतो आहे. मला तुमच्याबद्दल जे वाटतं त्यात वीतभरही फरक पडलेला नाही.

आपलाच,
धाकटा साडू


३० मार्च

प्रिय साडूबुवा,

पत्र आणि तलवार, दोन्ही मिळालं. तुमची काळजी पोचली. पण तुमचं ज्ञान मात्र नेहमीप्रमाणे अर्धवट.

तुम्ही म्हणता तुटलेली. तुमचे व्याही, शिकलेसवरलेले इंजिनियर, म्हणतात समारंभाची. चिमीनेही मला फोनवर तसंच सांगितलं. आता मी बेकरीवाल्यावर विश्वास ठेवू की इंजिनियरवर? मी त्यांना लगेच पत्र लिहून आणखी माहिती मागवली. चार दिवसांत त्यांचं उत्तर आलं, तीन पानी. आकृत्यांसह! म्हणतात, या प्रकाराला "वीतपाती" असं नाव आहे आणि लाकडी पट्टी ही तोल साधण्यासाठी मुद्दाम घातलेली असते. काय अभ्यास आहे माणसाचा! मी त्यांना उलट अकरा प्रश्न पाठवले आहेत.

वीतपाती आता दवाखान्यात टांगली आहे. वर्ष सरायचं आहे, तरी यंदाची पहिली आवडती म्हणून मी तिलाच जाहीर करतो.

कंबर बरी आहे. खोकलो की वीज चमकते.

थोरला साडू


१४ एप्रिल

आदरणीय डॉक्टरसाहेब,

कृपा करून थांबा.

व्याही काल भर दुपारी बेकरीत आले. हातात वाचनालयातली पाच जाडजूड पुस्तकं. पिठाच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, तुमच्या साडूंनी विचारलंय की वीतपाती कमरेला डावीकडे लावायची की उजवीकडे, मी काय कळवू? मी म्हटलं, कळवा काहीही. तर म्हणाले, काहीही कसं कळवू, मागच्या पत्रात मी लिहिलं आहे की ती पाठीवर बांधत, आता त्याच्याशी जुळायला हवं. हयातीत एकदा खोटं बोललो, म्हणाले, आणि आता दर आठवड्याला त्याला टेकू देतोय.

चिमी सांगते, सासरे रोज जेवण झालं की पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसतात. सासूबाईंना वाटतं, नवा पूल बांधायचं काम मिळालं. परवा सासऱ्यांनी घरातल्या सगळ्या सुऱ्या मोजपट्टीने मोजल्या आणि भाजीच्या सुरीला म्हणाले, हिची मूठ चुकलेली आहे.

मला त्यांची दया येते. चांगल्या मनाने सांगितलेली गोष्ट आहे, तिचा माणसाला किती जाच? तुम्ही मोठे आहात. ती तुटलेली आहे एवढं एकदा मान्य करा आणि त्यांना मोकळं करा.

आपला,
धाकटा साडू


२२ एप्रिल

प्रिय साडूबुवा,

आपला सल्ला वाचला. तो मला मान्य नाही. व्याह्यांचं चौथं पत्र कालच आलं. त्यात त्यांनी वीतपातीच्या पोटजाती पाडल्या आहेत, त्या सहा निघाल्या. आपली तिसऱ्यात मोडते. असा विद्वान आपल्या घराला लाभला, याबद्दल तुम्हाला काही वाटत नाही?

मे महिन्यात ते सहकुटुंब आमच्याकडे राहायला येत आहेत, तलवार प्रत्यक्ष मोजायला. तुम्हीही धाकटीला घेऊन या. येताना केक आणा. कपाटामागची जागा आता माझ्या पट्ट्यामुळे मला पुरत नाही, तेव्हा टेबलावरच खाईन.

थोरला साडू

ता.क. हे फक्त तुमच्यासाठी. तीस वर्षं मी तुटलेले दात बघत आलो आहे. तुटलेली कड मला अंधारात नखाने कळते. तुमच्याकडून तलवार परत आली त्याच संध्याकाळी मी दवाखान्यातल्या यंत्राने ती कड घासून गोल केली, पॉलिश केली, आता ती खरंच समारंभाची दिसते. पण व्याह्यांना यातलं काही सांगू नका. माणूस माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि आता त्याला ते इतकं छान जमायला लागलं आहे की मध्येच थांबवणं पाप होईल. मी कालच त्यांना आणखी नऊ प्रश्न पाठवले.